दोघं, दोन सॅक, नऊ दिवस: जर्मनीतल्या सेमिस्टरमधून प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट

जर्मनीत एका सेमिस्टरसाठी आलेल्या पोरापोरींचे पहिले दोन महिने कागदांत जातात. पत्त्याची नोंदणी, बँक, विमा, राहण्याचं परमिट. नोव्हेंबर उजाडला की मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, ट्रे समोर ठेवून कुणीतरी म्हणतं, "फेब्रुवारीत प्राग मारायचं का?" सगळे माना डोलावतात. प्रत्यक्ष तिकीट काढायच्या वेळी पाचातले दोघं उरतात. हा लेख त्या उरलेल्या दोघांसाठी.

आम्ही दोघंच उरलो होतो. मी सांगलीचा, तो नागपूरचा. लाइपझिगहून निघून ड्रेस्डेन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि परत, असे नऊ दिवस. खर्च माणशी पाचशे युरोच्या आत बसला. गाड्या आणि हॉस्टेलं कशीही मिळतात, ॲप सगळं सांगतं. सहल फिसकटते ती वेगळ्याच ठिकाणी: एकाच्या पोटात कावळे ओरडत असतात आणि दुसऱ्याला तिसरं चर्च बघायचं असतं. तेव्हा तिकिटं, मुक्काम हे सगळं खाली येईलच, पण दोघांनी आपसात काय ठरवायचं याला मी जास्त जागा देणार आहे.

पायरी १: आधी कागद, मग स्वप्नं

जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे डी व्हिसा, किंवा परमिटचं कार्ड हातात असेल तर शेंगेनमधल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या, इतर देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. जर्मनीतले दिवस त्या ९० मध्ये धरत नाहीत. कार्ड एकटं पुरत नाही, पासपोर्टही सोबत लागतो. "आत कुठे चेकिंग असतं?" असं सांगणारा सीनियर प्रत्येक वसतिगृहात सापडतो. त्याचं ऐकू नका. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली आहे. ट्रेनमध्ये आणि बसमध्ये पोलीस चढतात आणि आपल्या रंगाच्या माणसाकडे जरा आधी येतात, हेही सांगून टाकतो.

खरा धोका मधल्या काळात असतो. व्हिसा संपत आलाय, कार्ड अजून छापून आलेलं नाही आणि हातात फक्त तात्पुरता कागद आहे, ज्याला सगळे धापा टाकत 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग' म्हणतात. त्या कागदावर कुठल्या कलमाची खूण केलीय त्यावर जर्मनीत परत येता येतं की नाही ते ठरतं. काही खुणांचा कागद घेऊन देशाबाहेर पाऊल टाकलं की परतीची वाट बंद. निघण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, आणि ते उत्तर यायला लागणारा वेळ धरून महिनाभर आधी विचारा.

शेंगेनच्या यादीतही गोंधळ होतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला आत आला. रुमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमा १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या. आयर्लंड आणि ब्रिटन बाहेर आहेत, त्यांना वेगळा व्हिसा लागतो. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण युरोपीय संघात नाही, त्यामुळे तुमच्या जर्मन सिमचं फुकट रोमिंग तिथे गृहीत धरू नका. जुंगफ्राउवरून आईला व्हिडिओ कॉल लावून बिल बघून बसलेली माणसं मला माहीत आहेत.

मित्र भारतातून पर्यटक व्हिसावर येणार असेल तर त्याच्या व्हिसावर प्रवेश एकदाच आहे की अनेकदा, ते आधी बघा. एकदाच असेल तर शेंगेनबाहेर डोकावायचा मोह टाळायचा.

पायरी २: तारखा

जर्मन हिवाळी सेमिस्टर कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं. तास मात्र साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात आणि पुढचे तास एप्रिलच्या मध्यावर सुरू होतात. मधला काळ सुट्टीसारखा दिसतो, पण परीक्षा त्यातच असतात. ब्लॉक सेमिनार, म्हणजे सलग काही दिवसांत उरकलेला अख्खा कोर्स, नावाचं एक प्रकरण असतं, तेही नेमकं तेव्हाच येतं. परीक्षेची तारीख आणि खोली जाहीर होईपर्यंत परत न होणारं तिकीट काढू नका. दोघांचे विषय वेगळे असतील तर दोघांच्या तारखा एकाच कागदावर लिहा. तोंडी "माझं वीसला संपतंय" याला काही अर्थ नसतो.

फेब्रुवारीचा फायदा असा की हॉस्टेलं स्वस्त आणि गर्दी कमी. तोटा म्हणजे साडेपाचच्या सुमारास अंधार. उन्हाळ्यात उलट: रात्री नऊपर्यंत उजेड, आणि प्रागच्या चार्ल्स पुलावर पंढरीच्या वाळवंटातल्यासारखी गर्दी.

अजून एक तारीख बघायची, रविवारची. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात. स्टेशनातलं एखादं सुपरमार्केट उघडं असतं आणि तिथे अख्खं गाव लोटलेलं असतं. चेकिया आणि हंगेरीत हा त्रास नाही. म्हणून रविवार प्रागमध्ये किंवा बुडापेस्टमध्ये येईल असा मार्ग आखा.

पायरी ३: चहावरची बैठक

निघायच्या तीन आठवडे आधी दोघांनी एक संध्याकाळ बसायचं. लॅपटॉप बंद. आम्ही त्याच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बसलो होतो, गॅलरीत बर्फ आणि आत आल्याचा चहा. पाच गोष्टी बोललो आणि त्या पाचांनी पुढचे नऊ दिवस तारले.

पहिली गोष्ट पैसा. "जास्त खर्च नको" हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण दोघांचं 'जास्त' वेगळं असतं. आकडा बोला. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो सुटतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा, वर्षाला ११,९०४), त्यातून भाडं आणि विमा गेला की हातात काय राहतं ते दोघांनाही ठाऊक असतं. तरी एकाला घरून वर पैसे येतात, दुसऱ्याचं शैक्षणिक कर्ज चालू असतं. ज्याचा आकडा लहान, तो आकडा सहलीचा. मोठ्या आकड्याच्या माणसाला महागडं काही करायचंच असेल तर ते त्याने मोकळ्या वेळात एकट्याने करावं.

दुसरी गोष्ट झोप. तो पहाटे दोनला झोपतो, मी साडेसहाला उठतो. यावर तोडगा एवढाच निघाला की सकाळचे पहिले दोन तास माझे. मी एकटा बाहेर पडायचो, नऊला ब्रेड घेऊन परत. प्रागचा पूल मी सकाळी सातला पाहिला, दोन कबूतरं आणि एक झाडूवाला. त्याने तो दुपारी पाहिला आणि त्याला तो अजिबात आवडला नाही.

तिसरी गोष्ट पोट. मी अंडं खातो, तो शुद्ध शाकाहारी. तर जेवणाची जागा तो निवडणार, कारण मला तिथे काही ना काही मिळतंच. आणि एक कलम: "भूक लागली" असं कुणीही म्हटलं की अर्ध्या तासात जेवायचं, बाकी सगळं थांबवून. हे वाचताना बालिश वाटेल. चार डिग्रीत बारा किलोमीटर चालल्यावर वाटणार नाही.

चौथी गोष्ट म्होरक्या. रोज एकजण म्होरक्या. त्या दिवशीचा नकाशा, ट्रामचा नंबर आणि "आता कुठे?" या प्रश्नाचं उत्तर त्याचं. दुसऱ्याने त्या दिवशी नुसतं मागून चालायचं आणि रस्ता चुकला तरी टोमणा मारायचा नाही. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. दोघंही सतत मोबाइलमध्ये डोकं घालून चालत असले की वाद हमखास होतो, आणि तो नेहमी चौकात होतो.

पाचवी गोष्ट सुट्टी, एकमेकांपासून. प्रत्येक शहरात निदान अर्धा दिवस वेगळं फिरायचं. ते आधी ठरलेलं असलं की रुसवा वाटत नाही. संध्याकाळी भेटल्यावर सांगायलाही काहीतरी असतं.

पायरी ४: मार्ग आणि तिकिटं

नऊ दिवसांत तीन शहरं पुरेत. पाच शहरांचा बेत कागदावर ऐटबाज दिसतो, पण प्रत्येक बदलीत अर्धा दिवस खर्ची पडतो: सामान आवरा, स्टेशन, नवं हॉस्टेल, दोनची चेक-इन. आमचे मुक्काम असे होते: प्राग तीन रात्री, व्हिएन्ना दोन, बुडापेस्ट तीन. व्हिएन्ना महाग म्हणून कमी. तिथून ब्राटिस्लाव्हा ट्रेनने जेमतेम तासावर आहे आणि स्लोव्हाकियात युरोच चालतो, त्यामुळे कुणाला दिवसाची सहल हवी असेल तर जमते. आम्ही केली नाही.

जर्मनीतला टप्पा डॉइचलांड-टिकीटवर करा. हा महिन्याचा पास मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला, त्यानंतर किंमत वाढत गेली, पण बऱ्याच विद्यापीठांत सेमिस्टरच्या शुल्कातच ते मिळतं. लोकल आणि प्रादेशिक गाड्यांत चालतं, आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत नाही. लाइपझिग ते ड्रेस्डेन प्रादेशिक गाडीने दीडएक तास लागतो आणि वेगळा पैसा लागत नाही.

पुढच्या प्रत्येक टप्प्यासाठी तिकीट त्या टप्प्याच्या दोन्ही देशांच्या रेल्वेच्या साइटवर बघा. ड्रेस्डेन-प्राग आणि प्राग-व्हिएन्ना चेक रेल्वेच्या साइटवर बरेचदा जर्मन साइटपेक्षा स्वस्त पडतं. प्राग-व्हिएन्नासाठी रेजिओजेट ही खासगी कंपनीही आहे. व्हिएन्ना-बुडापेस्टसाठी ऑस्ट्रियन रेल्वेची सवलतीची तिकिटं बघावीत. वेळ साधारण असा: ड्रेस्डेन-प्राग अडीच तास, प्राग-व्हिएन्ना चार, व्हिएन्ना-बुडापेस्ट पावणेतीन. फ्लिक्सबस स्वस्त असते, पण मी दोन युरो वाचवायला पाय दुमडून बसत नाही.

इंटररेल पासबद्दल, म्हणजे अनेक देशांच्या रेल्वेत चालणाऱ्या एका पासबद्दल, सगळे विचारतात. तो युरोपात राहणाऱ्यांसाठी आहे आणि राहण्याचा पुरावा दाखवला की भारतीय पासपोर्टवाल्यालाही घेता येतो. सत्तावीस वर्षांपर्यंत सवलत आहे. पण चार टप्प्यांच्या सहलीला तो परवडत नाही. सुटी तिकिटं लवकर काढणं बरं. महिनाभर सात-आठ देश करणार असाल तर पासचा हिशोब मांडा, आणि त्यात आरक्षणाचे वेगळे पैसे धरायला विसरू नका.

स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं, हे नीट लक्षात ठेवा. गाडी चुकवली तर तिकीट गेलं. चूक रेल्वेची असेल तर गोष्ट वेगळी: मुक्कामाला एक तास ते दोन तासांच्या आतला उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, दोन तासांच्या वर ५० टक्के परत मागता येतात. उशिराचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

स्टेशनचं नाव पूर्ण वाचा. फ्रांकफुर्ट दोन आहेत, एक माइन नदीवरचं मोठं आणि एक ओडर नदीवरचं, पोलंडच्या सीमेला चिकटलेलं. बुडापेस्टला केलेती वेगळं, न्युगाती वेगळं. स्वस्त विमानांचं तर विचारूच नका. 'फ्रांकफुर्ट हान' विमानतळ फ्रांकफुर्टपासून सव्वाशे किलोमीटरवर आहे, म्हणजे पुण्याला उतरायचं सांगून साताऱ्याला उतरवण्यासारखं. विमानाने जाणारच असाल तर काही कंपन्यांत बिगर-युरोपीय पासपोर्टवाल्यांना सुरक्षा तपासणीच्या आधी काउंटरवर कागद दाखवून घ्यावे लागतात, ते राहिलं की गेटवरून परत.

आणि ड्रेस्डेनहून प्रागला जाताना डावीकडची खिडकी घ्या. एल्ब नदी बराच वेळ त्याच बाजूने सोबत येते, पलीकडे वाळूच्या दगडाचे उभे कडे. उजवीकडे मान वाकवून वर बघितलं तर क्योनिगश्टाइनचा किल्ला. आम्ही दोघंही सह्याद्रीत चढलेलो, त्यामुळे "याला वाट कुठून असेल" यावर वीस मिनिटं गेली.

पायरी ५: मुक्काम

युथ हॉस्टेल ही कल्पनाच मुळात जर्मन. रिखार्ड शिरमान नावाच्या शाळामास्तराने १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युथ हॉस्टेल सुरू केलं. सहलीला नेलेल्या पोरांना रात्री झोपवायचं कुठे, या प्रश्नातून.

हॉस्टेल निवडताना तीन गोष्टी बघायच्या: स्वयंपाकघर आहे का, लॉकर आहे का, आणि स्टेशनपासून ट्राम थेट आहे का. नाश्ता देतात की नाही याला मी किंमत देत नाही, ब्रेड आणि चीज बाहेर दीड युरोत होतं. चार ते सहा खाटांची खोली बरी. बारा खाटांच्या खोलीत कुणीतरी घोरतोच आणि कुणीतरी पहाटे चारला प्लास्टिकची पिशवी उलगडतो. मुलींसाठी वेगळ्या खोल्या बहुतेक ठिकाणी असतात. आम्हाला फेब्रुवारीत खाट वीस ते तीस युरोत मिळाली. वर शहराचा कर, टॉवेलचं भाडं हे सुटे पैसे लागतात, ते शेवटच्या पानावर लिहिलेले असतात.

आमची चूक सांगतो. व्हिएन्नाला आम्ही रात्री बारा वाजून चाळीस मिनिटांनी पोहोचलो. बुकिंग होतं त्या तारखेचं, जी चाळीस मिनिटांपूर्वी सुरू झाली होती. म्हणजे आमची खाट दुपारी दोन वाजता तयार होणार होती. रिसेप्शनवरच्या मुलीने दोनदा कॅलेंडर दाखवलं, मग सोफा दाखवला. मध्यरात्रीनंतर पोहोचणार असाल तर आदल्या तारखेचं बुकिंग करा, आणि "उशिरा येतोय" असा मेसेज हॉस्टेलला टाका. त्या सोफ्यावर आमचं एकमेकांशी पहिलं आणि शेवटचं कडाक्याचं भांडण झालं, कारण बुकिंग मी केलं होतं आणि "बघून घे" असं त्याने तीनदा म्हटलं होतं. तेव्हापासून नियम असा: एकाने बुक करायचं, दुसऱ्याने पैसे भरण्याआधी तारीख, नाव आणि पत्ता मोठ्याने वाचायचा.

खोलीत शिरल्यावर सॅक गादीवर टाकू नका. आधी गादीच्या शिवणी मोबाइलच्या उजेडात बघा. बारीक काळे ठिपके दिसले तर ढेकूण. लगेच खोली बदलून मागा, लाजू नका.

पायरी ६: सॅक

पस्तीस ते चाळीस लिटरची, भरून सात-आठ किलो. त्याहून जड झाली की तिसऱ्या दिवशी खांदे बोलायला लागतात. फेब्रुवारीत थंडीचा एक जाड थर घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे, कारण ट्राममध्ये आणि म्युझियममध्ये उकडतं. थर्मलचे दोन जोड, स्वेटर एक, वरचं वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, पँट दोन. जीन्स एकच, तीही अंगावर, कारण ती वाळत नाही. बूट पाणी न शिरणारे आणि आधी महिनाभर वापरलेले. नवे कोरे बूट घालून निघालेला माणूस दुसऱ्या संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात दिसतो.

छोट्या वस्तूंपैकी कुलूप, कानातले बोळे, रबरी चपला आणि लवकर वाळणारा टॉवेल हे चार जिन्नस विसरलात तर ते विकतच घ्यावे लागतात. भारतातला तीन पिनांचा प्लग तिथे कुठेच बसत नाही. जर्मनीचा चार्जर मात्र तिन्ही देशांत चालतो.

आणि डबा. स्टीलचा एक छोटा डबा आणि एक चमचा. त्यात मेतकूट, दुसऱ्या पुडीत शेंगदाण्याची चटणी. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात भात शिजवला, वर मेतकूट आणि चेक लोणी, की दोन युरोत दोघांचं रात्रीचं जेवण. एक कोरियन मुलगा दोन दिवस आमच्या डब्याकडे बघत होता, तिसऱ्या दिवशी त्याने ताटलीच पुढे केली.

पायरी ७: पैसे

टीटीएमएम दोघांत चालत नाही. प्रत्येक कॉफीवर तुझं तू, माझं मी करत बसलं की चौथ्या दिवशी दोघंही वाण्यासारखे दिसायला लागतात. आम्ही सामायिक पाकीट केलं: निघताना दोघांनी शंभर-शंभर युरो एका डेबिट कार्डावर टाकले. जेवण, ट्राम, किराणा त्यातून. संपलं की पुन्हा सारखी भर. खरेदी, बिअर आणि हौसेची तिकिटं आपापली. हॉस्टेल आणि ट्रेनचे मोठे आकडे स्प्लिटवाइज या हिशोबाच्या ॲपवर त्याच दिवशी टाकायचे. त्या रात्री राहिलं तर ते कायमचं राहतं.

प्रत्येकाकडे दोन कार्डं हवीत, आणि दुसरं कार्ड मित्राच्या सॅकमध्ये. दोघांनी प्रवास करण्याचा सगळ्यात मोठा व्यावहारिक फायदा हाच. माझं पाकीट गेलं तरी माझं एक कार्ड त्याच्याकडे आहे.

चेकियात कोरुना, हंगेरीत फोरिंट. कार्डाने पैसे देताना किंवा एटीएमवर यंत्र विचारतं, "युरोत रूपांतर करू का?" नाही म्हणायचं. नेहमी स्थानिक चलन. यंत्राचा दर तुमच्या बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो आणि तो प्रश्न मुद्दाम असा मांडलेला असतो की हिरवं बटण दाबावंसं वाटावं. पैसे काढायचेच तर खऱ्या बँकेच्या भिंतीतल्या एटीएममधून. प्रागमध्ये रस्त्यात "चांगला दर देतो" म्हणणाऱ्या माणसाकडे थांबायचंच नाही, तो तिसऱ्याच देशाच्या जुन्या नोटा हातात ठेवतो. दुकानात बदलून फसलात तर पावती जपा: चेक कायद्याने २०१९ पासून, हजार युरोपर्यंतची अदलाबदल तीन तासांच्या आत रद्द करून पैसे परत मागता येतात.

पायरी ८: तिन्ही गावांत

तिन्ही शहरांत नळाचं पाणी पिण्यालायक आहे, तेव्हा बाटली भरून घ्या. व्हिएन्नाला तर ते आल्प्सच्या झऱ्यांवरून येतं, पहिली वाहिनी १८७३ ची. तिथल्या कॅफेत कॉफीसोबत छोट्या तबकात पाण्याचा ग्लास येतो. एका कॉफीवर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. थंडीत एवढी स्वस्त, उबदार जागा दुसरी नाही.

स्वस्त जेवण दुपारी. चेकियात 'पोलेदनी मेनू', ऑस्ट्रियात 'मिटाग्समेनू', हंगेरीत 'नपी मेनू': आठवड्याच्या दिवसांत साधारण अकरा ते दोन, सूप आणि एक पदार्थ, रात्रीच्या जेवणाच्या निम्म्या भावात. शाकाहाऱ्याने चेकियात 'बेझ मासा' म्हणजे मांसाशिवाय हे शब्द पाठ करावेत, आणि तरी "डुकराचे बारीक तुकडे तर नाहीत ना?" असं वेगळं विचारावं, कारण तिथे त्याला मांस न मानणारे स्वयंपाकी आहेत. तळलेलं चीज, 'स्माझेनी सीर', सगळीकडे मिळतं. माझ्या मित्राने ते इतक्या वेळा खाल्लं की बुडापेस्टला तो लांगोशकडे वळला: आपल्या भटुऱ्याचा मोठा भाऊ, वर लसूण आणि आंबट साय.

ट्राम-मेट्रोचा चोवीस तासांचा किंवा त्याहून जास्त दिवसांचा पास घ्या. सुटं कागदी तिकीट घेतलं तर ते यंत्रात घालून शिक्का मारेपर्यंत ते तिकीटच नाही. एका मेट्रो स्टेशनात माझा मित्र दोन करकरीत, बिनशिक्क्याची तिकिटं दाखवत उभा होता आणि तपासनीस दंडाची पावती फाडत होता. हुज्जत घातली, उपयोग शून्य. प्रागला २२ नंबरची ट्राम किल्ल्याकडे जाते, म्हणून पाकीटमारही तीच पकडतात. सॅक छातीवर.

व्हिएन्नाला एक संध्याकाळ श्टाट्सओपरला द्या. १८६९ मध्ये उघडलेल्या त्या ऑपेरागृहात उभं राहून बघायची तिकिटं त्याच दिवशी मिळतात, एका साध्या जेवणाच्या पैशात. आत शिरल्यावर लोक आपल्या जागेवरच्या कठड्याला मफलर बांधतात. मफलर बांधला की ती जागा तुमची, मग निर्धास्त बाहेर जाऊन सँडविच खा. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, तोच कायदा. कठड्यावर छोटा पडदा असतो, त्यात गाण्याचा अर्थ वाचता येतो. मला ऑपेरातलं ओ की ठो कळत नाही, पण मध्यंतरानंतर मी थांबलो. तो मध्यंतरात गेला. मोकळ्या वेळाचं कलम इथे कामी आलं.

बुडापेस्टला सेचेनीच्या गरम पाण्याच्या कुंडात संध्याकाळी जा. १९१३ ची इमारत, उघड्यावरचं पाणी, वाफेत बुद्धिबळ खेळणारे आजोबा, आणि डोक्यावर बर्फ भुरभुरत असतो. टॉवेल आणि चपला आपल्याच न्या, भाडं फुकट जातं. पार्लमेंटजवळ नदीकाठी लोखंडी चपला-बुटांचे साठ जोड मांडलेत, १९४४-४५ मध्ये तिथे उभं करून गोळ्या घातलेल्या ज्यूंच्या आठवणीत. तिथे सेल्फी काढणारे दिसतील. तुम्ही काढू नका.

पायरी ९: चुकामूक, चोरी, ताप

ट्रामचं दार मधेच बंद झालं आणि एकजण आत, एकजण बाहेर राहिला तर काय करायचं, हे आधीच ठरवा. आमचा नियम: आतल्याने पुढच्या थांब्यावर उतरून तिथेच उभं राहायचं, बाहेरच्याने पुढची ट्राम पकडायची. दोघंही एकमेकांच्या दिशेने निघाले की झाला लपंडाव. मोबाइल बंद पडला तर शेवटची जागा हॉस्टेलचं रिसेप्शन. म्हणून हॉस्टेलचा पत्ता कागदावर लिहून खिशात.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत, मग भारतीय दूतावास. प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट तिन्हीकडे दूतावास आहे. पण दूतावास देतो ते इमर्जन्सी सर्टिफिकेट भारतात परतण्यापुरतं असतं, जर्मनीत सेमिस्टर पूर्ण करायला नाही. नव्या पासपोर्टला वेळ लागतो. म्हणून पासपोर्ट अंगावर, शर्टाच्या आत, आणि अंघोळीला जाताना लॉकरमध्ये. त्याचा फोटो ईमेलमध्ये आणि झेरॉक्स मित्राच्या सॅकमध्ये.

जर्मनीच्या सरकारी विम्याचं कार्ड असेल तर ते उलटं करून बघा. मागची बाजू युरोपीय आरोग्य कार्ड असते, तातडीच्या उपचाराला ते या तिन्ही देशांत चालतं. खासगी विमा असेल तर बाहेरदेशी काय मिळतं ते निघण्याआधी वाचून घ्या. आणीबाणीला सगळीकडे ११२. पॅरासिटामॉल, ओआरएस आणि तुमची रोजची गोळी घरूनच न्या.

पायरी १०: परतीची गाडी

बुडापेस्ट ते प्रागची दिवसाची गाडी लांबलचक असते, साडेसहा-सात तासांची, पण सुरुवातीला डावीकडे बसलात तर डॅन्यूब नदी वळण घेताना दिसते आणि पलीकडच्या डोंगरावर विशेग्रादचा किल्ला. तो मागे पडला की हिशोबाला बसा. आम्ही गाडीतच सगळं मिटवलं. मला त्याला अठरा युरो चाळीस सेंट द्यायचे निघाले, मी तिथेच पाठवले. "घरी गेल्यावर बघू" म्हटलं असतं तर परीक्षेपर्यंत ते अठरा युरो दोघांच्या मधे बसून राहिले असते.

जर्मन सीमेजवळच्या बाड शांडाउ स्टेशनात पोलीस चढले. दोघांचे पासपोर्ट, दोघांची कार्डं, अर्ध्या मिनिटात काम झालं.

एक गोष्ट मात्र आम्ही विसरलो होतो, ती तुम्ही विसरू नका: निघण्याआधी फ्रीजरमध्ये परतीच्या रात्रीसाठी काहीतरी ठेवा. आम्ही लाइपझिगला पोहोचलो रविवारी रात्री पावणेअकराला. स्टेशनातलं दुकानही बंद. माझ्या फ्रीजमध्ये अर्धं लिंबू आणि मोहरीच्या सॉसची बाटली. त्याने सॅक जमिनीवर उपडी केली, ओल्या टॉवेलातून स्टीलचा डबा काढला आणि हलवून बघितला. तळाशी दोन चमचे मेतकूट होतं. मी तांदूळ धुवायला घेतले.